सुराखालचं अक्षर का सरकतं? जुन्या नोटेशन फायली दुरुस्त करताना

(वाशीम येथे भजनी मंडळांचे सदस्य आणि संगीत शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं आहेत.)



आज विषय तसा किरकोळ वाटेल असा आहे. सूर वर, अक्षर खाली, आणि ते अक्षर आपल्या जागेवर नाही. थोडं उजवीकडे गेलंय. इतकंच. यासाठी तास-दीड तास कशाला, असं कोणाला वाटलं तर मी समजू शकतो.

मला हा विषय का घ्यावासा वाटला, ते आधी सांगतो. आपल्याच जिल्ह्यातले एक हार्मोनियमचे मास्तर होते. चाळीसेक वर्षं त्यांनी भजनाच्या चाली बसवल्या. काही जुन्या, गुरूंकडून आलेल्या, काही स्वतःच्या. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या पुतण्यानं त्या सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या. एका जुन्या नोटेशन प्रोग्रॅममध्ये, रात्री जागून. मास्तर गेले. मग तो कॉम्प्युटरही गेला. पेन ड्राइव्हवरच्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडल्या, तर सूर दिसत होते, शब्दही दिसत होते, पण कोणता शब्द कोणत्या सुराखाली, याचा काही मेळ नव्हता. पुतण्या मला म्हणाला, "सर, काकांना ऐकलंय मी, पण सगळ्या चाली पाठ नाहीत. आता ही समेवर कोणतं अक्षर येते ते मी कोणाला विचारू?"

याला उत्तर नाही. चाल सांगणारा माणूस समोर असतो तोवर कागद चुकला तरी चालतं, तो कानानं दुरुस्त करतो. माणूस गेला की कागद हाच एकटा साक्षीदार. आणि साक्षीदारानं सूर बरोबर सांगितले, शब्द बरोबर सांगितले, पण दोघांची जोडी चुकीची सांगितली, तर चाल चुकलीच.

सूर आणि अक्षर यांची जोडी

ही जोडी कागदावर कशी दाखवायची, हा प्रश्न कॉम्प्युटरच्या फार आधीचा आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, निधन १९३६. त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धति क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत आहे, आणि ती मुळात आपल्या मराठीत लिहिलेली आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांची लेखनपद्धत वेगळी. दोघांच्या खुणा निराळ्या, पण दोघांपुढचा प्रश्न एकच होता: कोणतं अक्षर कोणत्या मात्रेवर आणि कोणत्या सुरावर?

भातखंडे पद्धत तुमच्यापैकी बहुतेकांना परीक्षेमुळे माहीत आहे. तरी एकदा उजळणी करू. वरच्या ओळीत सूर. त्याखाली गाण्याची अक्षरं. त्याखाली तालाच्या खुणा: समेला गुणाकाराचं चिन्ह, खालीला शून्य, टाळ्यांना २, ३ असे आकडे. विभाग संपला की उभी रेघ. सूर पुढच्या मात्रेत लांबला तर आडवी रेघ, आणि अक्षर लांबलं तर त्याच्या ओळीत अवग्रह, म्हणजे ऽ.

या पद्धतीची ताकद त्या उभ्या रांगेत आहे. एक मात्रा म्हणजे एक उभा रकाना. त्या रकान्यात वर जे आहे आणि खाली जे आहे, ते एकमेकांचं. फळ्यावर मी एक साधी ओळ लिहितो. केरवा, आठ मात्रा, शब्द माझेच, शाळेतल्या पोरांसाठी केलेले.

सा रे ग ग । म ग रे –
पा ऊ स आ । ला रा नी ऽ

'पाऊस आला रानी'. सम 'पा'वर, खाली 'ला'वर. आता हे व्याख्यान जे मोबाइलवर वाचतील, त्यांना या दोन ओळी तंतोतंत एकाखाली एक दिसणार नाहीत. 'सा' रुंद, 'ग' अरुंद, त्यामुळे खालची ओळ थोडी सरकलेली दिसेल. हाच तर आपला आजचा विषय!

मी इथे काय केलं? दोन ओळी लिहिल्या आणि मधे मोकळ्या जागा सोडल्या. 'पा' हे 'सा'चं आहे, हे मी कुठेच लिहिलं नाही. ते फक्त दिसलं. जे फक्त दिसतं, ते फॉन्ट बदलला, कागद बदलला, मशीन बदललं की दिसेनासं होतं. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस ही रांग हातानं बसवायचा आणि एकदा छापलं की ती कायमची. कॉम्प्युटरवर काहीच कायमचं छापलेलं नसतं. फाइल दर वेळी उघडताना पान नव्यानं मांडलं जातं.

म्हणून आजच्या सगळ्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: अक्षर सुराच्या खाली *ठेवायचं* नाही, सुराला *बांधायचं*. बाकी सगळे उपाय यातून निघतात.

आधी हात लावू नका

बिघडलेली फाइल समोर आली की आपण काय करतो? माऊस घेतो आणि एकेक अक्षर ओढून जागेवर आणतो. अर्ध्या तासात एक पान 'सुंदर' दिसायला लागतं. दुसऱ्या मशीनवर उघडलं की पुन्हा तेच. वर पुतण्याच्या मूळ टायपिंगचा जो काही पुरावा होता, तोही आपण पुसून टाकलेला असतो.

तेव्हा पहिलं काम: मूळ फाइलची नक्कल करा आणि मूळ बाजूला ठेवा. जुना कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल तर त्याच मशीनवर फाइल उघडा, प्रत्येक पानाची प्रिंट किंवा पीडीएफ काढा. प्रिंटर नसेल तर स्क्रीनचे फोटो काढा. प्रोग्रॅमच्या मदतीच्या मेनूत आवृत्तीचा नंबर असतो, तो वहीत लिहा. शब्दांसाठी कोणता फॉन्ट वापरलाय त्याचं नाव लिहा. हे तीन कागद म्हणजे तुमचा पंचनामा. तो झाल्याशिवाय दुरुस्ती सुरू करायची नाही.

तीन चाचण्या

आता नकलेवर तीन चाचण्या करा.

पहिली: शब्दांचा फॉन्ट दोन पॉइंट मोठा करा. अक्षरं आपापल्या सुराखालीच मोठी झाली तर ठीक. पण ओळ उजवीकडे पसरत गेली, तर समजा की मधे स्पेस मारून जागा भरलेली आहे. वर्ड प्रोसेसरमध्ये तर छुपी चिन्हं दाखवण्याची सोयच असते. ती सुरू केली की प्रत्येक स्पेसला एक ठिपका दिसतो. काही वह्यांत तर अक्षरांपेक्षा ठिपके जास्त निघतात.

दुसरी: मधलाच एखादा सूर पुसा. त्याच्याबरोबर खालचं अक्षरही गेलं, तर अक्षर सुराला बांधलेलं आहे. सूर गेला आणि अक्षर तिथंच उभं राहिलं, तर ते सुटं आहे, नुसतं चिकटवलेलं.

तिसरी: एक शब्द उचलून दुसऱ्या साध्या फॉन्टमध्ये टाका. देवनागरीच राहिला तर तो युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली, तर तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे.

या तिसऱ्या गोष्टीबद्दल थोडं बोलतो. आपला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्या काळात मराठी टाइप करायचं म्हणजे शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी असे फॉन्ट. या फॉन्टमध्ये आतला कोड इंग्रजी अक्षराचा असायचा, फक्त त्यावर चित्र देवनागरीचं. फॉन्ट मशीनवर आहे तोवर मराठी, नाही तर खिचडी. शिवाय प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो, म्हणून फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं.

पण जुन्या मशीनवर युनिकोडही सरळ चालत नव्हता. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला प्रादेशिक सेटिंगमध्ये जाऊन जोडाक्षरांच्या लिप्यांची सोय वेगळी सुरू करावी लागायची, आणि बहुतेकदा त्यासाठी विंडोजची सीडी लागायची. नोटेशनचे प्रोग्रॅम तर त्याहून मागे. फिनाले हा १९८८ पासूनचा नावाजलेला प्रोग्रॅम. त्यात युनिकोड आला २०१२ च्या आवृत्तीत. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या कंपनीनं जाहीर केलं की यापुढे फिनालेचं काम बंद. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांनाही आज हाच प्रश्न पडलाय: जुन्या फायलींचं करायचं काय? आपण एकटे नाही. (हशा)

पाच प्रकारची सरक

चाचण्या झाल्या की निदान. अक्षर सरकण्याचे माझ्या पाहण्यात पाच प्रकार आहेत. प्रत्येकाचं लक्षण वेगळं, उपाय वेगळा.

एक. सगळी ओळ सारखीच सरकलेली आहे. थोडी वर, थोडी खाली, किंवा सगळी दोन मिलिमीटर उजवीकडे. हा किरकोळ आजार. मूळ फॉन्ट मिळाला नाही म्हणून मशीननं दुसरा वापरलाय, आणि त्याची उंची-रुंदी निराळी आहे. फॉन्ट बसवा, नाही तर शैलीच्या सेटिंगमध्ये एकदाच आकडा बदला. एकेक अक्षर ओढू नका.

दोन. डावीकडे बरोबर, आणि उजवीकडे जावं तसं अंतर वाढत जातं. हे स्पेसचं काम. एका स्पेसमध्ये केसभर फरक पडला, तर चाळीस स्पेसनंतर तो एका मात्रेएवढा होतो. इथे सरकवून उपयोग नाही. स्पेस काढून टाकायच्या आणि तक्ता करायचा, म्हणजे मात्रेला एक रकाना.

तीन. एका जागेपर्यंत सगळं बरोबर, आणि तिथून पुढे प्रत्येक अक्षर एक-एक सूर पुढे किंवा मागे. दिसायला हा प्रकार सगळ्यांत नीटनेटका. प्रत्येक अक्षर कोणत्या ना कोणत्या सुराखाली बरोबर मधोमध बसलेलं असतं. म्हणूनच तो सगळ्यांत धोक्याचा. ज्यानं चाल ऐकलेली नाही, त्याला चूक दिसतच नाही.

तुम्ही तिफणीनं पेरणी पाहिली आहे. चाड्यात बी भरलेलं, बैल चालताहेत, सगळं ठीक. पण एक नळी बुजली तर वरून काही कळत नाही. आठ दिवसांनी उगवलं की कळतं, एक तास रिकामं गेलं. तसंच हे. टाइप करताना एका जागी नळी बुजलेली असते.

ती जागा शोधायची कशी? ओळीच्या शेवटी जा आणि मोजा. शेवटी सूर उरलेत आणि त्यांच्याखाली अक्षर नाही, तर कुठेतरी ऽ राहून गेलाय: एक अक्षर दोन सुरांवर लांबायचं होतं, ते एकाच सुरावर संपलं. उलट, शेवटी अक्षरं उरली आणि सूर संपले, तर कुठेतरी एकाच सुरावर दोन अक्षरं म्हणायची होती, ती दोन सुरांवर पसरली. उरलं काय, यावरून चूक कोणती ते कळतं. मग शेवटाकडून मागे येऊ नका. सुरुवातीपासून हळूहळू म्हणत जा, आणि पहिली चूक सापडली की तेवढीच दुरुस्त करा. पुढचं बहुतेक आपोआप जागेवर येतं.

बहुतेक नोटेशन प्रोग्रॅममध्ये शब्द लिहिताना स्पेस दाबली की पुढचा सूर येतो, आणि अक्षर लांबवायला खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर दाबावी लागते. म्युझस्कोर हा मोफत प्रोग्रॅम असाच चालतो. मराठी टाइप करणाऱ्यांची गंमत अशी की उच्चारावरून टाइप करण्याच्या पद्धतीत शब्द पक्का करायलाही आपण स्पेसच दाबतो. एक स्पेस कीबोर्डनं खाल्ली की प्रोग्रॅमनं, हे कळत नाही, आणि ओळ एका सुरानं सरकते. म्हणून गाण्याचे शब्द लिहिताना इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरलेला बरा.

चार. अक्षर फुटलं. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, आणि मधे ठिपक्यांचं एक छोटं वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे मशीन सांगतंय, "या मात्रेला धरायला व्यंजन नाही." याचं कारण अक्षर म्हणजे काय, याबद्दल आपली आणि यंत्राची समजूत वेगळी. 'विठ्ठल' घ्या. आपल्यासाठी तीन अक्षरं: वि, ठ्ठ, ल. युनिकोडमध्ये कोड सहा: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. जुना प्रोग्रॅम कोड मोजतो. त्याला 'ठ्ठ' मधेच तोडताना काही वाटत नाही. इतकंच कशाला, युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांतही देवनागरी जोडाक्षर एकच गट मानण्याची तरतूद आली ती २०२३ मध्ये. तोवर नियमानं 'विठ्ठल'चे चार तुकडे होत होते.

उपाय: तोडायची जागा प्रोग्रॅमवर सोडू नका. प्रत्येक सुराखाली पूर्ण अक्षर स्वतः लिहा. आणि पूर्ण लिहूनही फुटत असेल, तर त्या आवृत्तीला देवनागरी जुळवताच येत नाही. तिथे झगडण्यात अर्थ नाही.

पाच. कडव्यांची टक्कर. स्टाफ नोटेशनमध्ये एकाच सुरांच्या ओळीखाली तीन-चार कडवी लिहितात. प्रोग्रॅम रोमन लिपीच्या हिशेबानं ओळींमधलं अंतर ठेवतो. आपल्या लिपीत वर वेलांट्या, खाली उकार. पहिल्या कडव्याचा 'कृ' दुसऱ्या कडव्याच्या 'कीं'वर आदळतो. ओळींमधलं अंतर वाढवा, सुटेल. आणि कडव्याचा आकडा पहिल्या अक्षराला चिकटवून लिहिलेला असेल, तर आकडा आणि अक्षर मिळून मधोमध बसतात आणि बिचारं अक्षर उजवीकडे ढकललं जातं. आकडा वेगळा ठेवा.

दुरुस्ती कुठे करायची?

निदान झालं. आता दुरुस्ती जुन्या प्रोग्रॅममध्ये करायची की नव्यात? बांधणी जुन्यात, सजावट नव्यात.

याचं कारण सांगतो. एका नोटेशन प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जायला म्युझिक एक्सएमएल नावाचा मधला दुवा आहे. त्याची पहिली आवृत्ती २००४ ची. त्याची रचना आपल्यासाठी फार बोलकी आहे. त्यात प्रत्येक सुराची एक नोंद असते आणि गाण्याचं अक्षर त्या सुराच्या नोंदीच्या *आत* लिहिलेलं असतं. हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं की शेवटचं, आणि ते पुढे लांबतं का, हेही तिथेच. किती मिलिमीटरवर छापायचं हा प्रश्न दुय्यम. भातखंड्यांचा उभा रकाना म्हणतो तेच हे.

म्हणून सुराला बांधलेलं अक्षर या दुव्यातून सुखरूप पलीकडे जातं. चिकटवलेलं सुटं अक्षर एकतर गळतं, नाही तर पलीकडेही सुटंच राहतं. जुना प्रोग्रॅम चालतोय तोवर, जुन्या प्रिंटकडे बघत, त्यातच अक्षरं सुरांना बांधून घ्या. शब्द जुन्या फॉन्टमध्ये असले तरी हरकत नाही, खिचडी पलीकडे जाऊ द्या. युनिकोडमध्ये रूपांतर नंतर करता येतं. मात्र रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार हातानं तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. घोटाळा हमखास तिथेच होतो.

ज्यांचं काम भातखंडे पद्धतीत आहे, त्यांना नोटेशन प्रोग्रॅमची गरजच नाही. हिशेबाचा तक्ता असतो ना, एक्सेल किंवा मोफत मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क, त्यात करा. त्रितालाला सोळा रकाने, केरव्याला आठ. पहिली ओळ सुरांची, दुसरी शब्दांची, तिसरी तालखुणांची. एका मात्रेत दोन सूर असतील तर दोन्ही एकाच खान्यात, मधे स्पेस न देता. एकही खाना रिकामा सोडायचा नाही. काही नसेल तर रेघ किंवा ऽ. मग तपासणी सोपी: वर जितके खाने भरलेले, खाली तितकेच हवेत.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना.

पहिली, कोमल स्वराची. आपण कोमल ग दाखवायला ग खाली अधोरेखन देतो. ते अधोरेखन म्हणजे नुसती सजावट आहे, अक्षराचा भाग नाही. मजकूर साधा करून दुसरीकडे नेला की ती रेघ गळते आणि कोमल ग शुद्ध होतो! भैरवीचं काय होईल विचार करा. त्याऐवजी युनिकोडमध्ये वेदांच्या स्वरांसाठी दिलेल्या खुणा वापरता येतात: खालच्या आडव्या रेघेनं ग॒, आणि तीव्र मध्यमासाठी वरच्या उभ्या रेघेनं म॑. त्या अक्षराबरोबर जातात.

दुसरी, 'शोधा आणि बदला' या सोयीची. सुरांच्या ओळीत 'ग' बदलायला जाल आणि शब्दांच्या ओळीतले सगळे 'ग' बदलून बसाल. आपले सूर आणि आपली अक्षरं एकाच लिपीत आहेत. आधी फक्त सुरांची ओळ निवडा, मगच बदला.

कान शेवटचा

हे सगळं केलं तरी शेवटची तपासणी यंत्राची नाही. ज्यांनी ती चाल ऐकली आहे, त्यांच्यासमोर ती म्हणून दाखवायची.

आपल्या जिल्ह्यात हे काम किती आहे बघा. कारंज्याच्या, रिसोडच्या भजनी मंडळांच्या वह्या आहेत. पोहरादेवीच्या परिसरात बंजारा समाजाची गोरबोलीतली गाणी आहेत, होळीच्या लेंगी आहेत. गोरबोली आपण देवनागरीत लिहितो, पण ती मराठी नाही. तिची अक्षरं कुठे लांबतात, कुठे तुटतात, हे मराठी कानानं ठरवू नये, तांड्यावरच्या गाणाऱ्या बाईला विचारावं.

म्हणून तक्ता करण्याआधी मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. गाणाऱ्याला हातानं ताल धरायला सांगा, म्हणजे सम कुठे आहे ते टाळीवरून ऐकू येईल. दोन मिनिटांचं हे रेकॉर्डिंग पुढच्या पन्नास वर्षांच्या शंका मिटवेल.

त्या मास्तरांच्या फायलींचं काय झालं, ते विचाराल. तिसऱ्या प्रकारची सरक होती, आणि ती शेवटी मोजून सापडली. निम्म्याहून जास्त चाली जुळल्या, कारण ओळीच्या शेवटी किती सूर उरले यावरून चूक कळत होती. काही चालींत दोन ठिकाणी गोंधळ होता. त्या त्यांच्या जुन्या टाळकऱ्यानं म्हणून दाखवल्या. आणि काही चाली अशा आहेत की सूर आहेत, शब्द आहेत, जोडी नाही. त्या आम्ही तशाच ठेवल्यात, वर लिहून ठेवलंय: 'अक्षरांची जागा अनिश्चित'. अंदाजानं जुळवून त्या मास्तरांच्या नावावर खपवायच्या नाहीत, असं पुतण्याचंच म्हणणं पडलं. मला ते पटलं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, आमच्या मंडळाचा कम्प्युटर लय जुना हाये. त्याच्यावर नवं काही चालत नाही. मग नवा घ्याच लागते काय?

उत्तर: नाही दादा, घाई करू नका. उलट तो जुना कॉम्प्युटर आत्ता विकू नका! मूळ फायली बरोबर दाखवणारं ते शेवटचं मशीन असू शकतं. आधी त्यावरून प्रिंट काढा, अक्षरं बांधून घ्या, म्युझिक एक्सएमएल काढता आलं तर काढा. तक्त्याचं काम गावातल्या कोणाच्याही लॅपटॉपवर होतं. सगळं झालं की मग त्याला निरोप द्या.

प्रश्न: मी शाळेत संगीत शिकवते. 'धर्म' शब्द दोन सुरांवर आहे. म्हणताना 'धर्' पहिल्या सुरावर येतं आणि 'म' दुसऱ्यावर. पण लिहिताना रफार 'म'वर जातो. खान्यात लिहायचं कसं?

उत्तर: फार चांगला प्रश्न, ताई. आपलं लिखाण आणि आपला उच्चार इथे वेगळे होतात. 'विठ्ठल'चंही तसंच, म्हणतो 'विठ्-ठल', लिहितो 'वि-ठ्ठ-ल'. मी लिखित अक्षर अखंड ठेवतो: पहिल्या खान्यात 'ध', दुसऱ्यात 'र्म'. वाचणाऱ्याला ते ओळखीचं दिसतं, आणि मराठी गाणारा माणूस 'र'चा उच्चार आपोआप आधीच्या सुरावरच करतो. मराठी न येणाऱ्यांसाठी लिहीत असाल तर 'धर्' आणि 'म' लिहा. पण एका वहीत एकच पद्धत ठेवा, आणि पहिल्या पानावर ती कोणती ते लिहून ठेवा.

प्रश्न: एवढं सगळं करण्यापेक्षा वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवले तर पुरेसं नाही का?

उत्तर: जपायला पुरेसं आहे, आणि तेही आजच करा. फोटोत अक्षर सरकत नाही, ही त्याची मोठी सोय. पण फोटोतली चाल दुसऱ्या पट्टीत नेता येत नाही, शोधता येत नाही, चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून फोटो हा मूळ पुरावा, रेकॉर्डिंग हा कानाचा पुरावा, आणि तक्ता हा वापरायचा कागद. तिन्ही एका फोल्डरमध्ये, चालीच्या नावानं, आणि त्याची एक नक्कल दुसऱ्या कोणाच्या तरी घरी.

पुढच्या वेळी येताना प्रत्येक मंडळानं एकच चाल आणा, वहीचं पान आणि रेकॉर्डिंग दोन्हींसकट. आपण इथे बसून ती तक्त्यात घेऊ.